ओली भिंत

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६०

आज आमचं बिऱ्हाड खाणीवर लागलं. काल वसमतला आगगाडीतून उतरून बैलगाडीत बसलो, हट्ट्याला यांच्या ओळखीच्या घरी मुक्काम केला आणि आज जवळा बाजार मागे टाकून औंढ्याच्या डोंगराला लागलो. रस्ताभर कापसाच्या गाड्या. बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून राहिलेला. झाडांनी दाढ्या ठेवल्यात, असं मी म्हटलं, तर हे इतके हसले की गाडीवान मागे वळून बघायला लागला. परभणीच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते तेव्हा यांना असं हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं.

नोकरी मोठी गमतीची आहे. व्यंकटराव देशमुखांच्या टेकडीच्या पोटात गेरूची जुनी खाण आहे. देवळांचे कळस, तुळशीवृंदावनं, वाड्यांच्या भिंती रंगवायला इथला गेरू पूर्वी लांब लांब जात असे. मग कधीतरी आत दरड बसली, माणसं अडकली आणि खाण बंद पडली. व्यंकटरावांनी ती आता मोकळी करून घेतली आहे, पण गेरू काढायला नव्हे, लोकांना दाखवायला. नागनाथाला येणारे यात्रेकरू, हिंगोलीचे कापसाचे व्यापारी, दौऱ्यावरचे अंमलदार, सगळे येतात म्हणे. एका नाटकाच्या पडद्यावर यांनी रंगवलेलं अरण्य व्यंकटरावांनी परभणीत पाहिलं आणि यांना बोलावून घेतलं. लोकांना आत फिरवायचं, माहिती सांगायची, मराठीत आणि उर्दूत पाट्या रंगवायच्या.

घर खाणीच्या तोंडापासून हाकेच्या अंतरावर. दोन खोल्या, पुढे ओसरी, नवा चुना दिलेला. ओसरीवरून पूर्णेकडचा सगळा सपाट मुलूख दिसतो, ज्वारी हिरवीगार उभी. मला तिसरा महिना आहे. परभणीत सकाळ झाली की पोटात ढवळायचं, इथल्या हवेने बरं वाटेल असं आईचं म्हणणं. संध्याकाळी व्यंकटराव स्वतः घोडीवरून आले. मोठा अदबीचा माणूस. तोंडात विडा असल्यामुळे बोलण्यापेक्षा मानच जास्त हलवतात आणि रुमालाने सारखे ओठ टिपतात. मला वहिनी म्हणाले. मोगऱ्याचं रोप आणवून देतो म्हणाले.

मी फार खूश आहे.

मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी

आज खाण पाहिली. बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की एकदम माठाशेजारी बसल्यासारखा गारवा. भिंतींवर छिन्नीचे घाव अजून ताजे वाटतात. जागोजाग दिवे ठेवायचे कोनाडे, वर काजळीचे ओघळ. एका ठिकाणी जुन्या कामकऱ्यांनी गेरूत बुडवलेल्या हातांचे ठसे उठवलेत, त्यात एक हात सहा बोटांचा. हे प्रत्येक ठिकाणी थांबून सांगतात आणि त्यांचा आवाज आत छान घुमतो. मला अभिमान वाटला. पुढे कंदील घेऊन नेमसिंग चालतो. जवळच्या तांड्यावरचा उंच, वाळका माणूस. विचारलं तरच बोलतो.

मग वाट खाली उतरते आणि गारवा संपतो. खालच्या दालनात ऊब आहे. गाईच्या पोटाला हात लावल्यावर लागते तशी. तिथे वास येतो. आधी ओल्या मातीचा वाटला, मग नासलेल्या दुधाचा, मग झोपून उठलेल्या माणसाच्या तोंडाचा. समोरच्या भिंतीला सगळे ओली भिंत म्हणतात. बाकी सगळी खाण तांबडी, ही एक भिंत गुलाबी. चकचकीत, फुगीर, तिच्यावरून बारीक पाझर सुटलेला. मला ती भिंत वाटलीच नाही. दात पडलेली हिरडी वाटली, कुठल्या तरी मोठ्या जनावराची.

दरड बसली तेव्हा माणसं याच दालनात अडकली. वाट मोकळी करायला बराच काळ गेला, तरी ती जिवंत सापडली आणि उलट, अंगाने भरली होती, कारण ही माती खाऊन जगली. म्हणून ही बरकतीची माती. एवढं सांगून हे बाजूला झाले आणि लोक पुढे सरसावले. कोणी नखाने खरवडलं, कोणी बोट फिरवून चाटलं. एका म्हाताऱ्याने सरळ भिंतीला जीभ लावली. त्याची लाळ आणि भिंतीचा पाझर यांची तार लोंबली, ती त्याने शेवई ओढावी तशी ओढून घेतली. मागून त्याच जागी सुनेने जीभ लावली, मग तिने कडेवरच्या लेकराचं तोंड तिथे टेकवलं.

मी पदर तोंडाला लावून बाहेर पळाले आणि बोरीच्या झाडाखाली ओकले. हे मागून आले, पाठीवरून हात फिरवला, आणि अशा दिवसांत असं व्हायचंच म्हणाले. मी विचारलं, ती अडकलेली माणसं पुढे कुठे गेली? ते व्यंकटरावांनी काही सांगितलं नाही म्हणाले.

मार्गशीर्ष पौर्णिमा

घरकामाला शकुबाई येते. तिच्या घरी शेळ्यामेंढ्या आहेत, येताना शेळीचं दूध आणते. ती आली की घरात माणूस आल्यासारखं वाटतं. पण या तांबड्या धुरळ्याने मी हैराण आहे. पिठात तो, अंथरुणात तो, धुतलेल्या लुगड्याच्या घड्यांत तो. ओला झाला की साधा गेरू पाण्यात उतरतो, तसा हा उतरत नाही. साईसारखा चिकटून राहतो. भांड्याच्या काठाला धरतो तो लपका बोटाने काढताना अंगावर काटा येतो, कारण तो कोमट असतो.

पाहुण्यांतली एक बाई माझ्या पोटासाठी म्हणून पानाच्या द्रोणात ती माती ठेवून गेली. शकुबाईने द्रोण पाहिला आणि चिमट्याने उचलून बाहेर नेऊन टाकला. राखेने हात घासले. म्हणाली, “बाई, आमच्यातल्या गरवार बाया भट्टीची माती खातेत, चुलीची खातेत. हिला कुनी हात लावत न्हाई.”

काहून, म्हणून मी तिच्याच बोलीत विचारलं. सासूनं सांगितलं, म्या ऐकलं, एवढंच ती म्हणाली.

मार्गशीर्ष वद्य एकादशी

हे ती माती खातात. आज मला कळलं.

लोकांपुढे आपण आधी चाखली नाही तर त्यांना विश्वास कसा वाटेल, असं त्यांचं म्हणणं. असेल. पण पाहुणे नसलेल्या दिवशीही हे आत जाऊन येतात. जेवायला बसले की भाकरीचे तुकडे ताटाच्या कडेला सारतात आणि नुसतं ताक पितात. तरी अंग भरत चाललंय. गालांवर, मानेवर तुकतुकी आली आहे. भाजलेल्या वांग्याची साल सोलल्यावर आतला गर चमकतो तशी. गावातले लोक म्हणतात मास्तरांना हवा मानवली. मला त्यांच्या मानेकडे बघवत नाही.

आणि तो वास. परवापर्यंत तो खाणीत होता. आता तो माझ्या शेजारच्या उशीवर आहे. सकाळी उशीवर तांबूस लाळेचा डाग असतो, वाळल्यावरही चिकट. मी अभ्रा उकळत्या पाण्यात टाकला तर वर फेस आला, गुलाबी, जाड.

यांना सांगितलं की माझ्यासाठी तरी सोडा. लगेच हो म्हणाले. मी सांगितलेल्या कशालाही हे इतक्या लवकर हो म्हणालेले नाहीत.

पौष शुद्ध नवमी

खाणीखालच्या चिंचेजवळ एक माणूस राहतोय. हिंगोलीचा कापसाचा व्यापारी आहे, मागल्या महिन्यात घरच्या मंडळींना घेऊन मोठ्या थाटात आला होता. आता एकटाच आला आहे. अंगावर तेच रेशमी काठाचं धोतर, पण मांडीपर्यंत चिखल. मी पाणी आणायला गेले तेव्हा त्याने हात जोडून काहीतरी विचारलं, मला एक शब्द कळला नाही. मग तो हसला आणि मला कारण दिसलं. त्याच्या तोंडात दात दिसत नव्हते. पडलेले नव्हते. हिरड्या वाढून दातांवर चढल्या होत्या, वरच्या खालच्या दोन्ही. एका ठिकाणी सुळ्याचं टोक तेवढं बाहेर होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. बाकी सगळं गुलाबी, ओलं, फुगीर.

घागर तिथेच सोडून मी घरी आले. आज दिवसभर पोटात पाणीसुद्धा ठरलं नाही.

यांना विचारलं तर म्हणाले, त्याला कसला तरी रोग असेल. बोलताना तोंडापुढे हात धरला होता.

पौष वद्य, संक्रांत

तीळगूळ केला होता. शकुबाईने पाटा धुऊन दिला, मी तीळ कुटले, बऱ्याच दिवसांनी घरात चांगला वास सुटला. यांच्या हातावर लाडू ठेवला आणि खा म्हटलं, माझ्यासमोर खा. ते चावायला लागले. कट्‌ असा आवाज आला. मला वाटलं लाडवात खडा राहिला. त्यांनी बोटं घालून काढला तर तो दात होता, मुळासकट. रक्त नव्हतं. मुळाला साईसारखं काहीतरी चिकटलं होतं. यांना दुखलंही नाही. त्यांनी तो दात पुसून बघितला आणि मग मुळाला लागलेलं ते जिभेने टिपून घेतलं.

मी त्यांना तोंड उघडायला लावलं. नको नको म्हणत होते. मी त्यांचा जबडा धरला, आणि बोटांना तो जबडा मऊ लागला. आतून काही सरकल्यासारखा.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, “अनू, माझ्याच्यानं राहवत नाही.”

किळस आणि दया एका वेळी येऊ शकतात हे मला माहीत नव्हतं. मी त्यांना जवळ घेतलं आणि श्वास रोखून धरला.

माघ शुद्ध चतुर्थी

आज व्यंकटरावांच्या घरी गेले. शकुबाईला सोबत नेलं. शिवरात्र जवळ येतेय, नागनाथाला हजारोंची जत्रा भरते, आणि यंदा जत्रेतून खाणीपर्यंत गाड्या सोडायचं व्यंकटरावांनी ठरवलं आहे. मी सगळं सांगितलं. यांचा दात, तो व्यापारी, सगळं. खाण बंद करा म्हटलं, निदान ते दालन तरी बुजवा.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बसायला पाट दिला, पाणी दिलं. पुढे चांदीचं तबक होतं. बोलता बोलता माझं लक्ष त्यात गेलं. पान नव्हतं, सुपारी नव्हती. ओल्या फडक्यात गुलाबी गोळा होता, बोटांनी तोडल्याच्या खुणा असलेला. त्यांनी त्यातला तुकडा तोडला, तोंडात टाकला आणि रुमालाने ओठ टिपले.

म्हणाले, “वहिनी, त्या अडकलेल्या लोकांना काढायला आमचे आजोबा आत गेले होते. त्यांतला एकही माणूस बाहेर यायला तयार झाला नाही.”

मग हसले. पहिल्यांदाच तोंड उघडून हसले. आत नुसती एक गुळगुळीत पोकळी, कुठे फट नाही, कुठे टोक नाही, आणि मधे जीभ.

शकुबाईने माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

माघ शुद्ध दशमी

हे सकाळी गेले ते जेवायला आले नाहीत. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मी आत गेले. नेमसिंग दालनाच्या तोंडाशी कंदील घेऊन बसला होता, मला अडवायला उठला, मग बाजूला झाला.

भिंत आता सपाट राहिलेली नाही. तिच्यावर फुगवटे आहेत. एक खांद्यासारखा. एक गुडघ्यासारखा. खाली रेशमी काठाचं धोतर लोंबत होतं आणि त्यातून दोन टाचा बाहेर. टाचांच्या वरचं सगळं आत. टाचा हलत होत्या. आचळाला लागलेलं वासरू ढुशा देतं तशा.

हे शेजारी गुडघे टेकून होते. तोंड भिंतीत. कानापर्यंत.

मी त्यांना कमरेला धरून ओढलं. निघेनात. पाय भिंतीला लावून पुन्हा ओढलं. पाय आत रुतला, कोमट, आणि भिंतीने तो हळूच धरल्यासारखं — मी किंचाळले असेन. तेव्हा ते सुटले. चिखलातून पाय निघतो तसा आवाज झाला. जिथे तोंड होतं तिथे तोंडाचाच खळगा राहिला होता, आणि तो मिटला. हे माझ्यावर धावून आले. मग ओळखलं मला, आणि रडायला लागले. वरच्या ओठाचं कातडं तिथेच राहिलं होतं. खाली नवं होतं, गुलाबी.

नेमसिंगने आम्हांला बाहेर आणलं. तू हे सगळं बघतोस आणि दिवा धरून लोकांना आत नेतोस, असं मी त्याला म्हणाले. फार वाईट बोलले. त्याने कंदील खाली ठेवला. मग म्हणाला, “मोतीबाई आत हाय, बाई. माही घरवाली. म्या ओढलं तिला, लई ओढलं. आता डोळाच तेवढा ऱ्हायलाय बाहेर. दिवा दाखवला की पापनी हालवती.”

दिवा न्यायचा तर पाहुणेही न्यावे लागतात. व्यंकटरावांची अट आहे.

माघ शुद्ध त्रयोदशी

ठरलं. शकुबाईचा नवरा मसाजी उद्या सकाळी गाडी आणतो. वसमत, तिथून परभणी, तिथे मोठा दवाखाना आहे. यांना बांधून न्यावं लागेल. नेमसिंग मदत करतो म्हणाला. त्याने ओल्या फडक्यात मातीचा गोळा आणून दिला, वाटेत लागेल म्हणाला. मी तो फेकणार होते. शकुबाईनेही फेका म्हटलं. त्याने माझ्यापुढे हात जोडले, म्हणून ठेवला, डब्यात, ओसरीच्या पार टोकाला; उद्या गाडीत मागे टाकेन. तरी वास येतो.

परभणीला पोचले की सगळ्यांना सांगेन. शिवरात्रीच्या आत.

माघ पौर्णिमा

परत आलो.

लिहायचं आहे, सगळं लिहायचं आहे. जवळा बाजारपर्यंत ठीक होतं. हे दोरांत शांत पडून होते, मी डोक्यावर छत्री धरली होती. बाजाराचा दिवस, माणसं, मेथीच्या जुड्या, गुळाच्या ढेपा, मला वाटलं सुटलो. गावाबाहेर आल्यावर ऊन लागलं आणि हे ओरडायला लागले. त्यांचं अंग फुटत होतं. तळ्यातला गाळ सुकतो तसे गालांवर तडे, गळ्यावर तडे. आत रक्त नाही. तांबडा भुगा. बोटं वाकली आणि एक करंगळी — ती गाडीच्या फळीवर पडली आणि खडूसारखी फुटली.

पाणी पाजलं. अंगावर ओतलं. नुसतं वाहून गेलं. मसाजी बैल सोडून लांब जाऊन उभा राहिला.

डबा मीच उघडला. मीच. त्या गोळ्यात बोट घातलं, ते आतून चोखल्यासारखं — आणि यांच्या तोंडात दिलं. पुन्हा दिलं. हिरड्यांनी माझं बोट धरलं, लहान मूल धरतं तसं. तडे मिटायला लागले. डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे यजमान. माझ्याच हातून.

मसाजीला म्हटलं गाडी वळवा.

सोबत आलेली शकुबाई म्हणाली, “तुमी तरी चला बाई. पोटात लेकरू हाय तुमच्या.” माझे पाय धरले तिने. मला यांना तिथे धुळीत टाकून जाता आलं नाही. ती आणि मसाजी आम्हांला टेकडीखाली सोडून गेले. ती वळून वळून बघत होती.

माघ वद्य तृतीया

हे खालीच असतात. मी रोज जाते. कंबर अजून बाहेर आहे. हाक मारली की हात हलवतात.

बोट सुजलं आहे. नख निघून आलं, दुखलं नाही. खाली गुलाबी. राखेने घासते. पुन्हा पुन्हा घासते.

पाहुणे येतात. मी ओरडून सांगते. वेडी म्हणतात.

माघ वद्य षष्ठी

हात तेवढा राहिला आहे. अंगठी काढून घेतली. बोटातून अलगद निघाली, तुपातून काढावी तशी.

नेमसिंग आता बोलतो माझ्याशी. दोघे बसतो. एकच कंदील.

माघ वद्य नवमी

आज सकाळी ओकारी नाही.

पहिल्यांदाच. इतके महिने — आणि आज पोट शांत. आनंद व्हायला हवा. अभ्रा धुतला नाही. त्यावर डोकं ठेवून पडले होते आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं की वास येत नाही. येतो. पण तो वास —

नाही.

शिवरात्रीला गाड्या सुरू होतील. मी वाटेत आडवी उभी राहणार. चिंचेपाशी. एकही गाडी वर जाऊ देणार नाही. हे मी लिहून ठेवते आहे म्हणजे मला —

माघ वद्य एकादशी

भाकरी कडू. पाणी कडू. सगळ्याला कोरडा वास, हाडांचा.

दातांत खाज. मूल हलतं. आज पहिल्यांदा हललं. खाली गेले तेव्हा फार हललं.

माघ वद्य चतुर्दशी, शिवरात्र

गाड्यांची रांग. टेकडीखालपर्यंत. मी चिंचेपाशी उभी होते, हात पसरून, सकाळपासून. थांबल्या. खरंच थांबल्या त्या. पुढच्या गाडीतून एक पोरगी उतरली, माझ्यासारखीच, पोटुशी. उन्हाने दमलेली. म्हणाली, अक्का, पोटाला चांगली असती का ही माती?

नाही म्हणायचं होतं. ओठांवर होतं —

“गोड आहे,” मी म्हणाले. “भरपूर खा.”

तिला हात धरून मीच नेलं. नेमसिंग पुढे. किती मऊ हात तिचा. तिने तोंड लावलं तेव्हा मला किळस — शोधली मी. सगळीकडे शोधली. नाही कुठे.

कंदिलाजवळ बसले आहे. पेन्सिल बोटांत रुतते. लोक येतच आहेत, मागून, मला ओलांडून. यांचा हात आत गेला, पण जागा आहे शेजारी. ऊब आहे. मूल वळतंय पोटात. आतून, हळूहळू, भिंतीकडे तोंड करून ते —